काळ्या काचेची चिठ्ठी

"याकूब, आधी हात धू," टेंबे सर दारातूनच म्हणाले.

मी दगड घासत बसलो होतो. कोपरापर्यंत राखाडी चिखल. अकरा वर्षांत सरांनी मला हात धुवायला कधी सांगितलं नव्हतं. मी मुकाट्यानं नळाखाली हात धरले, लुंगीला पुसणार तेवढ्यात त्यांनी आपला टॉवेल पुढे केला. म्हटलं, आज काहीतरी वेगळंच आहे.

त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेलं गाठोडं काढलं. आत नारळाएवढा दगड. काळा कुळकुळीत. पण चकाकी अशी, की त्यात मला माझी मिशी दिसली.

"ओळख."

"काच आहे की सर."

"कुणी केलेली?"

"कारखान्यात होते तशी..."

"कारखाना नाही रे बाबा! पृथ्वीनं केलेली!" सर खुर्चीत बसलेच नाहीत. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण टेबलाभोवती फेऱ्या घालायला लागला. "लाव्हारस सावकाश निवला तर त्याचे कण जुळतात, स्फटिक होतात, दगड बनतो. पण एकदम गार पडला, समज भसकन पाण्यात गेला, तर कणांना रांगेत उभं राहायला सवडच मिळत नाही. जिथल्या तिथं थिजतात. त्याची ही काच. परदेशात ढिगानं आहे. आपल्या सह्याद्रीत कुठं डाइकच्या, म्हणजे खडकात घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीच्या, कडेला बोटभर मिळते. एवढा गोळा? कुणी पाहिलेला नाही. कुणी नाही!"

मी तेव्हा आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात 'सेक्शन कटर' होतो. म्हणजे दगडाचा काप काढायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि घासत घासत कागदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पातळ करायचा. इतका पातळ झाला की काळ्याकभिन्न दगडातूनही उजेड आरपार जातो. मग सर तो मायक्रोस्कोपखाली घालून बघणार. काम साधं वाटतं, पण एक घास जास्त बसला की काप गायब. माझे काप कधी गायब व्हायचे नाहीत. माझी स्लाइड म्हणजे डाग नाही, ओरखडा नाही. पुण्याहून लोक दगड पाठवायचे माझ्याकडे. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

आणि हे सगळं शिकवलं टेंबे सरांनी. मी आलो तेव्हा झाडू मारायला होतो. त्यांनी माझ्या हातात चक्की दिली. मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिपायाला परवानगी नसायची, तेव्हा सर म्हणाले, "जो कापतो त्यानं बघायचं नाही, हा कुठला न्याय?"

अशा माणसाच्या नावावर तीस वर्षांत एकही शोध नव्हता. बाकीचे प्राध्यापक पाठीमागं हसायचे. कुणी विचारलं 'टेंब्यांचं संशोधन काय', तर दुसरा म्हणे, 'चहात किती साखर विरघळते ते.' सरांना हे ठाऊक होतं. बोलत नसत, एवढंच.

"बारा दिवसांनी परिषद आहे," सर म्हणाले. "वीस मिनिटं मिळालीत मला. देशभरातली मंडळी येणार. मला एक स्लाइड पाहिजे, याकूब. तुझ्या हातची."

"दिली," मी म्हटलं.

पहिला काप घासला तर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका निघाला. घासताना चक्कीवर जड लागला, ओढल्यासारखा, आणि धुतल्यावर चांदीसारखा चमकला. मला वाटलं, चक्कीचाच कण अडकला. बाजूला टाकला. दुसऱ्या कापात असलेच तीन बारीक ठिपके, वर कडेला कोळशासारखा काळा डाग. 'नासली च्यायला,' म्हणून तीही बाजूला. नासलेल्या स्लाइड मी बिस्किटाच्या डब्यात टाकायचो, खालची काच परत वापरता यावी म्हणून. तिसरा काप गोळ्याच्या दुसऱ्या अंगानं काढला. स्वच्छ! एक डाग नाही. तो सरांपुढं ठेवला.

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्यात दोन भिंगं अशी असतात की एकावर एक आडवी बसवली की उजेड बंद. मध्ये स्फटिक असला तर तो रंग दाखवतो, फिरवला की विझतो, पुन्हा पेटतो. काचेत स्फटिकच नाहीत, तर पेटणार काय? सरांनी स्लाइड फिरवली. एक फेरी, दोन फेऱ्या.

"अंधार," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "अंधार, याकूब! चारी बाजूंनी अंधार!"

मी पाहिलं. खरंच, मिट्ट काळोख. अंधार बघून एवढा आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग त्यांनी गोळ्याचा एक पातळ तुकडा खिडकीत धरला. कडेला तो काळा नव्हता, हिरवट तपकिरी होता, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा.

"बघ, मुळात काळी नाहीच ती. लोखंडाच्या बारीक कणांनी काळी दिसते. तेच लोखंड गंजलं तर लाल. आत बुडबुडे राहिले तर सोनेरी झाक मारते. सगळा खेळ लोखंडाचा."

लोखंड. शब्द कानावरून गेला. मी तेव्हा सरांनी आणलेला पेढा खात होतो.

परिषदेला चार दिवस उरले असताना सर म्हणाले, "एका गोळ्यावर कोण विश्वास ठेवणार? अजून नमुने पाहिजेत. उद्या जाऊ."

"कुठं सापडला होता सर?"

"सहलीत, ओढ्याच्या काठाला. रांजणवाडीच्या खाली."

माझा हात चक्कीवरच थांबला. रांजणवाडी म्हणजे आमचं मूळ गाव. माझ्या बापाची थोरली बहीण, फुफू, एकटी राहायची तिथं. पण हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नव्हतं. कारण गाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, 'मग तुम्ही धावड का?' आणि धावड म्हटलं की लहानपणापासून ऐकलेलं आठवायचं: काळतोंडे, कोळसेखाऊ. माझा बा त्यालाच कंटाळून गाव सोडून रस्त्याच्या कामावर आला आणि मेला तरी गावाचं नाव काढलं नाही. धावड काय करायचे हेसुद्धा त्यानं मला सांगितलं नाही. मी कॉलेजात सांगायचो, आमचे लोक मधाच्या धंद्यात होते.

एस्टीनं घाटाखाली उतरलो. पुढं दोन तासांची चढण. सरांचा गुडघा अर्ध्या वाटेत बोलायला लागला.

"तू जा वर," ते म्हणाले. "मी इथं आंब्याखाली बसून भाषण घोटतो. चांगले चार-पाच गोळे आण. आणि जपून हां, सासरी निघालेल्या पोरीसारखे आण!"

ओढ्याला गेलो. काठाला मातीत काळे तुकडे पडलेले, हवे तेवढे. पण डोंगराच्या पोटात म्हणावा तर एकही नाही, नुसते वरच्या वर. सर म्हणायचे, दगड कुठं पडलाय ते बघू नये, कुठून निघालाय ते बघावं. ते कुठूनच निघत नव्हते. मला बरं वाटेना. घसा कोरडा पडला होता, म्हणून फुफूच्या घराकडं वळलो.

फुफू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण नजर घारीची.

"कोण त्यो? इब्राहिमचा याकूब न्हवं? आरं, वाट चुकलास का काय?"

मी सलाम केला आणि तिथंच उभा राहिलो. तिचं कोंबड्यांचं खुराडं होतं ना, त्याची भिंत अख्खी काळ्या काचेची. नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोळे एकावर एक रचलेले. एका गोळ्यावर कोंबडा उभा.

"फुफू, हे... हे दगड कुठले?"

"दगड?" ती खुदकन हसली. "कीट हाय त्ये. भट्टीचं कीट. तुझ्या पणज्याची भट्टी हुती न्हवं खाली वढ्याला."

"कसली भट्टी?"

"इब्राहिमनं काय बी सांगितलं न्हाई व्हय तुला?" तिनं मिरच्या सोडल्या आणि हात पुसत जवळ आली. "आरं, आपुन धावड. लोखंड काढणारं. डोंगरावरची तांबडी माती कोळशासंगं भट्टीत घालायची, आन् दिस-रात भाता वढायचा. दोन गडी वढायचं, दमलं की दुसरं दोन. लोखंड खाली बसायचं, कीट वर यायचं. मग भोक पाडून कीट भाईर सोडायचं. माजा आजा सांगायचा, कीट सावकाश निवलं तर नुसता दगुड. पर वढ्याच्या पान्यात गेलं की चर्रर्र करून काच! दम धरायला येळच मिळत न्हाई त्याला."

मी खाली बसलो. नऊ दिवसांपूर्वी सर टेबलाभोवती फिरत जे बोलले, तेच ही बाई कोंबड्यांना हाकलत सांगत होती.

"दाऊद पैगंबराच्या हातात लोखंड मेणावानी मऊ व्हायचं म्हंत्यात," फुफू म्हणाली. "आमच्या हातात न्हाई झालं बाबा. छाती फुटूस्तवर भाता वढला तवा कुठं एक कुऱ्हाड. मग सायबानं जंगल बंद केलं. कोळसा न्हाई तर भट्टी कशाची? बाजूच्या गावात हुती ती कुऱ्हाड आतापतुर, मदार धावडाची म्हनून."

"मदार म्हणजे?"

"तुजा पणजा, मुडद्या!"

तिनं ताक दिलं. मी एका घोटात संपवलं. मग दोन गोळे पोत्यात घातले. चार-पाच सांगितले होते, दोनच घेतले. फुफू ओरडली, "ने की अजून, खुराडं पडत न्हाई!"

खाली आलो तर सर आंब्याच्या झाडाला भाषण म्हणून दाखवत होते. 'सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो.' मला बघून लहान मुलासारखे उठले. पोत्यात हात घातला, काळा गोळा काढला, छातीशी धरला.

"याकूब, तुला सांगतो, परवा रात्री बायकोला म्हटलं, एवढं एक झालं की मी खुशाल निवृत्त होईन. तीस वर्षं पोरांना दुसऱ्यांचे शोध शिकवले. एक तरी आपला."

आता काय सांगू? एस्टीत सर खिडकीशी बसून गोळ्याला उन्हात धरून बघत होते आणि मी माझ्या बुटांकडे. मनात म्हणत होतो, कुणाला कळणार आहे? रासायनिक तपासणीचा रिपोर्ट यायला दोन महिने. तोपर्यंत परिषद होऊन जाईल. टाळ्या होतील. नंतरचं नंतर. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, नंतर म्हणजे काय रे? नंतर सगळा देश हसेल. आत्ता चार प्राध्यापक हसतात ते कमी आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीच्या खोलीत गेलो. आधीच्या गोळ्याची कापलेली बाजू टेबलावर ओलीच राहिली होती. तिच्यावर तांबडे ठिपके उमटले होते, गंजाचे. बिस्किटाचा डबा उघडला. दोन्ही नासलेल्या स्लाइड वरच होत्या. भौतिकशास्त्राच्या खोलीतून लोहचुंबक मागून आणला. सर आले तेव्हा दुसरी स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावून उभा होतो.

"सर, एकदा बघा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही.

"हा कोळसा आहे," ते म्हणाले. "लाकडाच्या पेशी दिसतात."

"होय सर."

"असू शकतं. लाव्हारसाखाली एखादं झाड गाडलं गेलं असेल. असं होतं. जगात अशी उदाहरणं आहेत, याकूब." बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला. "उलट आणखी मोठा शोध होईल हा!"

मी लोहचुंबक पहिल्या स्लाइडवर धरला. अख्खी काचपट्टी उचलून चुंबकाला चिकटली. टक्, एवढाच आवाज झाला.

सर त्या लोंबणाऱ्या काचेकडे बघत राहिले.

"हे शुद्ध लोखंड आहे."

"होय सर. भट्टीचं. ती लाव्हाची काच नाही, कीट आहे. ओढ्याकाठी धावडांची लोखंडाची भट्टी होती." मग म्हणालो, "माझ्या पणजोबांची. मी धावड आहे, सर. मधाच्या धंद्यातला नाही."

"तुला कधी कळलं?"

"भट्टीचं, काल. पण ह्या दोन स्लाइड पहिल्याच दिवशी निघाल्या होत्या. डाग आहे म्हणून मी फेकल्या. तुम्हाला दाखवल्या नाहीत. स्वच्छ तेवढी दाखवली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. छत्री घेतली आणि निघून गेले. मार्च महिना, बाहेर रणरणतं ऊन, आणि छत्री बंदच ठेवून माणूस मैदानातून चालत गेला. मी खिडकीतून बघत होतो. आयुष्यात एवढं वाईट मला माझा बा गेला तेव्हाच वाटलं होतं. ज्या माणसानं माझ्या हातातला झाडू काढून घेतला, त्याचा एकुलता एक शोध मी माझ्या तोऱ्यापायी असा वाढवला आणि असा मोडला.

त्या दिवशी ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. परिषद आमच्याच कॉलेजात होती आणि प्रोजेक्टर चालवायला मीच होतो. तिसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. मला वाटलं, सर काही येत नाहीत. नाव पुकारलं आणि ते मागच्या दारानं आत आले. इस्त्रीचा कोट. माझ्यापाशी थांबले, खिशातून छोटी डबी काढून माझ्या हातात ठेवली, म्हणाले, "हीच लाव. दुसरी नको." डबीत त्या दुसऱ्या नासलेल्या स्लाइडचा फिल्मवरचा फोटो होता. फोटो काढायला ते केव्हा येऊन गेले, मला पत्ता नाही.

"सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो," सर म्हणाले. "पत्रिकेत माझ्या निबंधाचं नाव आहे 'सह्याद्रीतील नैसर्गिक ज्वालामुखी काच'. तो निबंध मी मागे घेतो. माझी चूक झाली."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "मग ती काच कसली होती, टेंबे? सोड्याच्या बाटलीची?" आणि हशा. माझे हात शिवशिवले. प्रोजेक्टर नसता तर उठलोच असतो.

"बरोबर ओळखलंत, माणसानंच केलेली," सर शांतपणे म्हणाले. "याकूब, लाव."

पडद्यावर ती उमटली. भिंतीएवढी. मी नासकी म्हणून डब्यात टाकलेली. मध्ये लोखंडाचे गोल ठिपके आणि कडेला कोळसा, त्यात झाडाच्या पेशी विणल्यासारख्या स्पष्ट. हशा थांबला.

"काच निसर्गाची असो की भट्टीची, कायदा एकच. लवकर निवली की काच होते. म्हणून मी फसलो. हे मला ज्यानं दाखवलं ते आमचे सेक्शन कटर याकूब डांगे. त्यांच्या पणजोबांनी ह्या डोंगरातून लोखंड काढलं. आपण त्याच डोंगरावर पोरांच्या सहली नेतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही."

वीस मिनिटांतली चार मिनिटं घेतली आणि ते खाली उतरले. फार टाळ्या पडल्या म्हणून सांगितलं तर ती थाप होईल. दोन-चार लोकांनी वाजवल्या. चहाच्या वेळी सर एका कोपऱ्यात एकटेच उभे होते. मी कप घेऊन गेलो.

"सर, मला माफ करा."

"कशाबद्दल? शेवटी दाखवलंस ना?" मग कपात बघत म्हणाले, "वाईट वाटतंय रे. वाटणारच. पण उद्या ये लवकर, काम आहे."

काम म्हणजे चिठ्ठी. आमच्या विभागात नमुन्यांची कपाटं होती. चारशे बावन्न दगड, प्रत्येकाखाली सरांच्या अक्षरात एक चिठ्ठी: नाव, ठिकाण, निर्मिती कशी झाली. सरांनी तो काळा गोळा कपाटात ठेवला. टाक शाईत बुडवला.

"नाव: काच. ठिकाण: रांजणवाडी, ओढ्याकाठी. निर्मिती: लोखंडाची भट्टी." मग खाली त्यांनी स्वतःच एक नवी ओळ घातली. 'कर्ता.' "पणजोबांचं नाव सांग."

अकरा वर्षं ज्या नावाच्या आसपास मी कुणाला फिरकू दिलं नव्हतं, ते मी मोठ्यानं सांगितलं.

"मदार धावड."

सरांनी लिहिलं, मग थोडं थांबून पुढं आणखी दोन शब्द लिहिले. मी वाकून वाचलं. 'मदार धावड आणि मंडळी.'

"मंडळी कशाला सर?"

"भाता एकटा माणूस ओढतो का?" ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले. शोध काही लागला नाही त्यांच्या हातून. त्यांना देवाघरी जाऊनही आता वीस वर्षं झाली. मीही निवृत्त झालो, पण अधूनमधून विभागात चक्कर मारतो. मागच्या महिन्यात गेलो तर नवे साहेब सगळ्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर छापून घेत होते. मला बोलावून म्हणाले, "डांगेकाका, ह्या एका चिठ्ठीत 'कर्ता' असा जास्तीचा रकाना आहे. बाकी कुठल्याच दगडाला नाही. फॉर्मात बसत नाही, काढून टाकू का?"

मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो.

"हात तर लावून बघा, साहेब," म्हटलं.